आंधळ्या हाताने काढलेली नावे

१

हेगर गुलाम म्हणून दोनदा विकली गेली. दुसऱ्या विक्रीच्या कागदावर तिचे नाव एका खेचराच्या खाली आणि दोन नांगरांच्या वर लिहिलेले होते. हेगरचा मुलगा एझ्रा. तो मोकळा झाला, आणि राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती झाल्यावर चारच वर्षांनी, १८७२ साली, लार्किन परगण्याच्या कोर्टात बारा ज्युरींपैकी एक म्हणून खुर्चीवर बसला. एझ्राची मुलगी सेलिना. तिने मक्याच्या कोठारात शाळा काढली. आणि सेलिनाची मुलगी ड्रुसिला पेटीग्रू. तिने त्या कोठाराची सहा खोल्यांची विटांची शाळा केली, चाळीस वर्षे मुख्याध्यापिका म्हणून तिथे राज्य केले, आणि जॉर्जियातल्या त्या गावातला प्रत्येक काळा माणूस, वयाने मोठा असला तरी, तिला 'बाई' म्हणू लागला.

१९५२ च्या सप्टेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी या ड्रुसिलाबाई कोर्टाच्या दारावर डकवलेली ज्युरीची यादी वाचत उभ्या होत्या. हजेरी घ्यावी तसे एकेका नावावर बोट ठेवत त्यांनी ती दोनदा वाचली. अठ्ठेचाळीस नावे, आणि सगळी गोऱ्यांची.

"या अठ्ठेचाळिसांतून सोमवारी बारा निवडतील," शेजारी उभा असलेला तरुण म्हणाला. हा थॅडियस क्रोमार्टी, अटलांटाहून आलेला काळा वकील. "आणि ते बारा जण जेवणाच्या सुट्टीच्या आत रूबेन टेटला विजेच्या खुर्चीकडे धाडतील."

रूबेन टेट बावीस वर्षांचा होता. लाकडाच्या वखारीच्या गोऱ्या मुकादमाचा खून केल्याचा आरोप त्याच्यावर होता. त्या संध्याकाळी तो आपल्या वडिलांच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत बसला होता. पण हे सांगणारा साक्षीदार एकटा बापच, आणि तोही काळा.

"ज्या पेटीतून नावांच्या चिठ्ठ्या काढतात, तिच्यात एकूण नावं किती?" बाईंनी विचारले.

"चारशे दहा. त्यांतली ब्याऐंशी आपली."

म्हणजे पाचांत एक. अठ्ठेचाळीस चिठ्ठ्यांत नऊ-दहा तरी आपली यायला हवीत, हा हिशेब बाईंच्या पाचवीतल्या मुलीनेही केला असता. पेटीत काळ्या पुरुषांची नावे टाकावीत म्हणून वरच्या कोर्टांनी दटावले, त्याला सोळा वर्षे झाली होती. कोर्टाचे शिरस्तेदार तेव्हा म्हणाले होते, तुमच्या लोकांची नावे तुम्हीच लिहून आणा. तेव्हापासून दर दोन वर्षांनी माउंट नेबो चर्चच्या वतीने बाई ती आपल्या वळणदार अक्षरात लिहून देत आल्या होत्या. बायकांना ज्युरीत बसता येत नसे, त्यामुळे स्वतःचे नाव सोडून सगळ्यांची नावे त्यांनी लिहिली होती.

"सोळा वर्षांत एकही नाव वर आलं नाही," क्रोमार्टी हळू आवाजात म्हणाला. "बाई, तुम्हाला कधी विचित्र नाही वाटलं?"

या प्रश्नाने बाईंचे कान तापले. पहिल्या वर्षी त्यांना ते दुर्दैव वाटले होते. दुसऱ्या खेपेस गोऱ्यांची लबाडी वाटली. नंतर त्यांनी याद्या वाचायचेच सोडून दिले होते. ज्या शाळेत 'कायद्याचे समान संरक्षण कोणत्याही माणसाला नाकारता येणार नाही' हे चौदाव्या दुरुस्तीतले वाक्य रोज सकाळी मुलांकडून म्हणवून घेतले जाई, त्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला ही सवय झाली होती.

"कोणीतरी आपली नावं काढून फेकत असणार," त्या ताठ होत म्हणाल्या. "कोण ते मी शोधते."

"मलाही तेच वाटलं होतं. म्हणून काल अर्ज करून पेटी उघडायला लावली." क्रोमार्टीने टोपी हातात फिरवली. "ब्याऐंशीच्या ब्याऐंशी नावं आत आहेत, बाई. तुमच्याच अक्षरात. आणि चिठ्ठ्या काढणारा माणूस ठार आंधळा आहे."

२

क्लीव्ह बॅस्कम कोर्टात झाडलोट करी, आणि तळघरात बॉयलरशेजारी त्याची खुर्ची होती. बाईंना जिन्यावर पाहताच पन्नाशीचा तो माणूस उभा राहिला आणि त्याने तोंडातली तंबाखू गिळली.

"क्लीव्ह, पेटीची किल्ली तुझ्याकडे असते म्हणे."

"माझ्याकडे? बाई, ती माझ्याकडे असती तर मी आत्तापर्यंत चार खटल्यांत ज्युरी म्हणून बसलो असतो, बसायला गादी असते तिथे. एक किल्ली जज्जसाहेबांकडे, एक शेरीफकडे. दोघं असल्याशिवाय पेटी उघडत नाही."

"चिठ्ठ्या काढतात तेव्हा तू असतोस?"

"पिकदाणी घेऊन कोपऱ्यात उभा असतो."

"मग काय दिसतं ते सांग. आणि सरळ उभा राहा."

तो सरळ उभा राहिला. पेटी सर्वांसमोर उघडतात, तो म्हणाला, शिरस्तेदार प्रुएट ती दोन्ही हातांनी धरतात, खालच्या मजल्यावरचा शेंगदाणेवाला व्हर्जिल ॲस्क्यू हात आत घालतो, एकेक चिठ्ठी काढतो आणि जज्जसाहेब ती वाचतात.

"मध्ये कोणी काही बोलतं? खूण, खोकला?"

"काही नाही. चर्चमध्येसुद्धा इतकी शांतता नसते. तुमची माफी मागून सांगतो."

"हात आत किती वेळ असतो?"

क्लीव्हने कपाळ खाजवले. "ते मात्र सारखं नसतं. कधी चटकन वर येतो. कधी आत नुसता चाळवत राहतो, शेंगांच्या टोपलीत सडकी शेंग शोधावी तसा." मग तो थांबला, आणि त्याने नजर चुकवली. "बाई, एक सांगू? रागावणार नाही ना? काल मी रूबेनच्या बापाकडे, एनॉस टेटकडे गेलो होतो, रूबेनच्या चौकशीला. त्यालाही हेच विचारलं, की आपली नावं जातात कुठे."

"मग?"

"तो म्हणाला, ते ड्रुसिला पेटीग्रूला विचार. तिला मी सोळा वर्षांपूर्वी सांगितलंय."

३

एनॉस टेटचे काय ते नंतर पाहू, असे बाईंनी स्वतःला बजावले, आणि त्या शिरस्तेदारांच्या खोलीत गेल्या. इतक्या घाईने आपण नेमके कशापासून दूर चाललो आहोत, याचा विचार त्यांनी केला नाही.

हार्लन प्रुएट गुलाबी चेहऱ्याचे, हसतमुख गृहस्थ होते. बाईंना त्यांनी बसायला सांगितले नाही. काळ्या माणसाला ते कधीच सांगत नसत.

"ये ड्रुसिला. तो अटलांटाचा पोरगा तुला कामाला लावतोय वाटतं?"

"साहेब, सोळा वर्षांत आमचं एकही नाव निघालं नाही."

"नशीब गं. त्याला मी काय करू? आंधळा माणूस चिठ्ठ्या काढतो. पहिल्या महायुद्धात डोळे दिलेत त्याने देशासाठी. त्याला काळा आणि गोरा दोन्ही सारखेच." स्वतःच्याच विनोदावर प्रुएट हसले. "आणि तुझ्या कार्डांची तर मी नेहमी तारीफ करतो. लग्नपत्रिकेसारखी असतात. दर खेपेला तुला चिठ्ठी पाठवून कळवतो की नाही, अशीच दे, हलकी नको म्हणून?"

ते खरे होते. शिरस्तेदारांच्या सहीच्या त्या सात चिठ्ठ्या बाईंनी घरी अल्बममध्ये, आईच्या फोटोच्या समोरच्या पानावर लावून ठेवल्या होत्या. गोऱ्या अधिकाऱ्याने काळ्या चर्चच्या कामाची लेखी तारीफ केल्याचा दुसरा पुरावा गावात कोणाकडे नव्हता.

टेबलावर गोऱ्यांच्या नव्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पडला होता. करवसुलीच्या जुन्या वह्यांचे कागद फाडून केलेल्या, पातळ, कडा वेड्यावाकड्या. बाईंनी त्या पाहिल्या, आणि त्या क्षणीही त्यांच्या मनात पहिला विचार आला तो हा, की यांना स्वतःच्या नावांची काही किंमत नाही.

"झालं समाधान?" प्रुएट म्हणाले. "मग शेंगदाणे घे आणि घरी जा."

बाई जिना उतरल्या. त्यांना खरोखरच शेंगदाणे घ्यायचे होते, आणि विकणाऱ्याचे हात पाहायचे होते.

४

व्हर्जिल ॲस्क्यू हा गावातला एकटाच गोरा, जो बाईंना अहो-जाहो करी.

"पेटीग्रूबाई! पायरीवर टाच अशी आपटणारं या गावात दुसरं कोणी नाही. खारे की बिनमिठाचे?"

"खारे. दोन पुड्या."

बाईंनी पाकिटातून नाणी काढली. त्यांच्याबरोबर एक कार्डही निघाले: मागच्या आठवड्यात चर्चमधल्या एका भगिनीचा अंत्यविधी झाला, त्याची सूचना. सगळेच त्याच्या तळहातावर पडले. व्हर्जिलच्या बोटांनी नाणी ओळखली आणि डब्यात टाकली. कार्डाची कड त्याने अंगठ्याने एकदा चाचपली, आणि मग ते न विचारता परत सोडून दिले. ते फरशीवर पडले.

"हे नको. हे माफीचं," तो म्हणाला, आणि स्वतःच चमकला. "अरे, हे काय बोललो मी! माफ करा, हाताला सवय झालीय."

"कसली माफी, मिस्टर ॲस्क्यू?"

"ते ज्युरीच्या पेटीतलं हो. जाड कार्ड हाताला लागलं की खाली सोडायचं. आजारी माणसं, म्हातारी माणसं, ज्यांना यायची सक्ती नाही, त्यांची नावं जाड कागदावर असतात. प्रुएटसाहेबांनी पहिल्याच खेपेला समजावलं होतं. बिचाऱ्यांना उगाच कशाला त्रास."

बाई खाली वाकल्या आणि त्यांनी कार्ड उचलले. हस्तिदंती रंगाचे, कडक, कडेला बारीक दाणा असलेले. सव्हाना शहरातून मागवलेले. चर्चच्या लग्नांना, बारशांना आणि अंत्यविधींना हेच कार्ड वापरायचे असा नियम त्यांनी स्वतः घालून दिला होता. आणि त्या ब्याऐंशी नावांनाही.

"बाई?" व्हर्जिलने आवाजाच्या दिशेने मान वळवली. "तुम्ही श्वास का धरलाय? कोणाची नावं आहेत त्या जाड कार्डांवर?"

चोर सापडला होता. प्रुएटने फक्त दार उघडे पाहून आत पाऊल टाकले होते. ते दार उघडून देणारी बाई शेंगदाण्याच्या दोन पुड्या हातात घेऊन उभी होती.

त्यांनी व्हर्जिलला सगळे सांगितले. त्याने आपले दोन्ही हात मांडीखाली घेतले, जणू ते कोणाला दिसू नयेत.

५

टेटचा छापखाना मागच्या गल्लीत होता. एनॉस टेट खिळे जुळवत होता. बाई आत आल्या तरी त्याने हात थांबवला नाही.

सोळा वर्षांपूर्वी चर्चच्या सभेत हाच माणूस पातळ कागदाचा एक गठ्ठा कापून घेऊन आला होता, पदरमोड करून. "आपली नावं त्यांच्यासारख्याच कागदावर लिहा," तो म्हणाला होता. "तेच माप, तीच जाडी. पेटीत आपण वेगळे लागता कामा नये." बाई तेव्हा व्यासपीठावर होत्या. आपण काय बोललो, त्यातला शब्दन् शब्द त्यांना आठवत होता. शाळेतल्या बाईंना आपली वाक्ये आठवतात.

'एनॉस टेट, ही काटकसर आहे की लाचारी? माझे आजोबा त्या कोर्टात खुर्चीवर बसले होते. ज्याच्या नावाला रद्दी पुरते, त्याने इतरांच्या नावाची किंमत ठरवू नये.'

सगळे हसले होते. बाईंच्या टोमण्याला हसायची त्यांना शाळेपासून सवय होती. एनॉसने गठ्ठा उचलला, बायकोचा हात धरला आणि तो निघून गेला. पुन्हा तो माउंट नेबोची पायरी चढला नाही. पुढे त्याची बायको वारली तेव्हा तिला दुसऱ्या गावच्या चर्चमधून मूठमाती दिली गेली.

"एनॉस," बाई म्हणाल्या, "तुझं बरोबर होतं."

"ठाऊक आहे मला."

"मी माफी मागायला आलेय."

तेव्हा कुठे त्याचे हात थांबले. "इथे? दार लावून, दोघांच्यात?" त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच बाईंना सहन होईना. "त्या दिवशी दार उघडं होतं, बाई. माझा पोरगा सहा वर्षांचा होता, माझ्या शेजारी बसलेला. सगळे हसले म्हणून तोही हसला. आज तो कोठडीत आहे. जा तुम्ही. मला काम आहे."

६

"यादीवर हरकत घ्यायला आपल्याला एवढंच सिद्ध करायचंय," सोमवारी सकाळी कोर्टाच्या मागच्या दाराशी क्रोमार्टी समजावत होता, "की कागद दोन जाडीचे आहेत आणि प्रुएटने त्याचा फायदा घेतला. जाड कागद कोणी निवडला, हे तुम्ही आपणहून सांगू नका. सरकारी वकील तेच धरून बसेल. म्हणेल, तुमचा कागद, तुमची चूक. रूबेनचा जीव टांगणीला आहे, बाई."

"निम्मं खरं सांगणाऱ्या मुलाला मी किती मार्क देत असे, तुला माहीत आहे?"

"बाई, ही शाळा नाही."

"नाही ना. शाळेत मी कधी शपथ घेतली नव्हती. आणि कॉलर नीट कर."

कोर्टात खाली गोरे बसले होते आणि वर गॅलरीत काळे. बाई साक्षीला उभ्या राहिल्या. नावे कोण लिहिते, कशावर लिहिते, हे क्रोमार्टीने विचारले, त्यांनी सांगितले. तो खाली बसायला वळला, तरी बाई बोलत राहिल्या.

"हा जाड कागद मी निवडला. तो निवडू नका, असं मला एका माणसाने वेळीच सांगितलं होतं. एनॉस टेटने. आज आरोपी आहे त्याच्या वडिलांनी. मी भर सभेत त्यांना लाचार म्हटलं. लोकांना हसवलं. ते बरोबर होते आणि मी चूक होते. माझ्या मिजाशीपायी सोळा वर्षं माझ्या माणसांची नावं त्या पेटीत पडून राहिली. यांतली किती माणसं त्या बारा गोऱ्यांनी तुरुंगात धाडली, ते मी मोजलेलं नाही. मोजायची मला छाती नाही."

आपल्या बाईंची मान खाली गेलेली गॅलरीतल्या लोकांनी कधी पाहिली नव्हती, आणि कुठे पाहावे हे त्यांना कळेना.

सरकारी वकील टुणकन उठले. "म्हणजे कागद तुझा, निवड तुझी! मग परगण्याने काय गुन्हा केला?"

"पहिल्या वर्षी जाड कार्ड मी आपणहून दिलं, साहेब. ती चूक माझीच." बाईंनी पिशवीतून अल्बम काढला. "दुसऱ्या खेपेपासूनच्या या सात चिठ्ठ्या. शिरस्तेदारांच्या सहीच्या. 'मागच्यासारखेच जाड कार्ड द्यावे, हलका कागद चालणार नाही.' गोऱ्यांच्या चिठ्ठ्या ते रद्दी फाडून करतात, आणि आमच्याकडून मात्र लग्नपत्रिका मागतात. का, हे त्यांना विचारावं. मी इतकी वर्षं ही तारीफ समजून जपून ठेवली. तेवढी मूर्ख मी होते."

प्रुएटांचा चेहरा गुलाबी राहिला नव्हता. तरीही ते म्हणाले, की कागद जाड आहे हे आंधळ्याला कसे कळणार?

व्हर्जिल ॲस्क्यूला कोणी बोलावण्याआधीच तो काठी आपटत पुढे आला. त्याचा कोर्टातला स्टॉल शिरस्तेदारांच्या मर्जीवर चालतो, हे सगळ्या कोर्टाला माहीत होते. तो म्हणाला, "पेटी आणा."

जज्जनी नाराजीने मान डोलावली. पेटी उघडली. व्हर्जिलने पाच चिठ्ठ्या काढल्या; पाचही गोऱ्यांच्या.

"आता मला शिकवलं त्याच्या उलट करतो," तो म्हणाला. त्याची बोटे आत फिरली. पहिली चिठ्ठी, काळा सुतार. दुसरी, काळा न्हावी. तिसरी, चौथी, पाचवी. जज्ज वाचत गेले आणि त्यांचा आवाज बारीक होत गेला. "माफ केलेली माणसं, असं मला सांगितलं होतं," व्हर्जिल म्हणाला. "सांगणारा इथेच बसलाय. केसांना लवंगेच्या वासाचं तेल लावतो तो."

क्रोमार्टीने चौदावी दुरुस्ती वाचली. फार मोठ्याने वाचायची गरज नव्हती. हे प्रकरण वरच्या कोर्टात गेले तर तिथे आपले काय होईल, हे जज्जना कळत होते. त्यांनी ज्युरीची सगळी यादी रद्द केली, खटला पुढे ढकलला आणि नवी पेटी एकाच कागदाची करायचा हुकूम दिला.

ऑक्टोबरात नवी ज्युरी बसली. तिच्यात तिघे माउंट नेबोचे होते. त्यांनी बाकीच्या नऊ जणांना दोन दिवस खोलीत बसवून ठेवले, एकेक साक्ष पुन्हा उलगडायला लावली, आणि रूबेन टेट सुटून घरी आला. व्हर्जिलचा स्टॉल मात्र गेला; तो आता माउंट नेबोच्या फाटकाशी शेंगदाणे विकतो.

पण बाईंचे जे फिटायचे होते ते त्या सोमवारीच फिटले. कोर्ट उठल्यावर त्या गॅलरीच्या जिन्याखाली उभ्या राहिल्या. माणसे उतरत होती, त्यांच्याजवळून टोप्या काढून जात होती. सगळ्यांत शेवटी एनॉस टेट उतरला. तो शेवटच्या पायरीवर थांबला.

"त्या दिवशी चर्चमध्ये चाळीस माणसं होती," तो म्हणाला. "आज गॅलरीत मी मोजली. एकशे सहा. खालचे गोरे धरलेच नाहीत."

"मग जास्तच झालं," बाई कशाबशा म्हणाल्या.

"सोळा वर्षं झाली, बाई. व्याज नको?"

बाईंना हसू आले नाही, पण त्यांनी मान वर केली. एनॉसने त्यांच्याकडे नीट पाहिले, अल्बमची पिशवी त्यांच्या हातातून काढून आपल्या हातात घेतली, आणि रस्त्याकडे वळता वळता म्हणाला,

"फिटलं सगळं. चला."